ओसरीच्या दबोरामावशी

दौंडहून शिरूरच्या रस्त्याला लागलं, की वस्ती मागं पडते आणि दोन्ही अंगांना ऊस सुरू होतो. त्या उसात एक बैठी, पिवळी इमारत आहे. पुढं लांबलचक ओसरी, आणि त्या ओसरीवरनंच संस्थेचं नाव पडलं. आईबाप नसलेल्या, किंवा असून नसल्यासारख्या झालेल्या मुली तिथं राहतात. कुणी स्टेशनवर एकटी सापडलेली, कुणी गुऱ्हाळावरच्या पालातून आलेली, कुणाची आई तुरुंगात. सरकारदरबारी त्याला बालगृह म्हणतात. मुली मात्र शाळा सुटली की 'चला घरी' असंच म्हणतात.

या घराची अधीक्षिका दबोरा उजागरे. माहेर शिरूरचं. वडील जॉन्सन मास्तर मराठी शाळेत शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. भावंडांत ही थोरली, त्यामुळं लहानांना काखोटीला मारून हिंडायची सवय परकर-पोलक्यापासूनची. बालवाडीचा कोर्स केला, काही वर्षं दवाखान्यात आया म्हणून काढली, आणि रेल्वेत फिटर असलेल्या पॉलशी लग्न होऊन दौंडला आली. दोघांना मूल झालं नाही. ते दुःख दबोरानं कधी झाकलं नाही, आणि उगाळलंही नाही. ओसरीत गृहमातेची जागा निघाली तेव्हा ती भेटायला गेली. संस्था काढणारे आनंदराव आप्पा समोर बसले होते. पोरी फार हट्टी असतात, सांभाळणं जमेल का, असं त्यांनी विचारलं.

"हट्टी असतील तर बरंच हाय," दबोरा म्हणाली. "गप बसणाऱ्या पोरींची मला जास्त काळजी वाटती."

आप्पांना ते उत्तर आवडलं. ते स्वतः बागायतदार, धोतर-टोपीतले, सरळ मनाचे. स्टेशनच्या फलाटावर कागद गोळा करणाऱ्या दोन बहिणी त्यांनी एकदा पाहिल्या आणि घरी येऊन जेवले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या रानातला तुकडा काढून दिला आणि ओसरी उभी केली. सणावाराला ते मुलींच्या पंगतीत बसून जेवत. दबोराला त्यांच्याबद्दल वडिलांसारखा आदर होता.

गृहमाता असतानाच दबोराच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. तपासणीला कुणी साहेब आले, की मुलींना रांगेत उभं करून विचारत, काही त्रास आहे का? सगळ्या एका सुरात 'नाही' म्हणत आणि साहेब समाधानानं चहाकडे वळत. पण संध्याकाळी ओसरीवर वेण्या घालायच्या वेळी याच मुली भडाभडा बोलत. तोंड पलीकडं, डोक्यात मावशीची बोटं, आणि समोर उसाचं रान. कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, म्हणून जीभ सैल सुटते. दबोरा त्यावेळी फारसं विचारत नसे. 'मग?' एवढंच म्हणे. पुढं ती अधीक्षिका झाली, टेबल आलं, फोन आला, मीटिंगा आल्या. पण वेण्यांचं काम तिनं दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारची भांडी घासून झाली होती. स्वयंपाकीण ताईबाई तणतणत ऑफिसात आली आणि म्हणाली की प्रगतीनं कोथिंबिरीच्या कात्रीनं आपली वेणी कापून टाकलीय, मोरीत केस पडलेत, आता या पोरीला काय म्हणावं.

प्रगती चौथीतली. ऊसतोड टोळीबरोबर आलेल्या आईचा फडातच साप चावून अंत झाला, बाप परतून आला नाही, तेव्हापासून ती ओसरीत होती. तिचे केस सगळ्या घरात लांब. त्या केसांचा तिला मोठा तोरा; शॅम्पूची पुडी कुणाला देत नसे. अशा पोरीनं आपल्या हातानं वेणी छाटली, हे ऐकल्याबरोबर दबोरा हातातलं काम टाकून उठली. मोरीच्या कट्ट्यावर प्रगती बसली होती. रडत नव्हती. कानामागं केस वेडेवाकडे उभे राहिले होते.

ताईबाई उवांचं काही तरी बोलायला लागली, तशी दबोरानं तिला नजरेनं थांबवलं. रागावण्यात आणि कारण विचारण्यात तिनं वेळ घालवला नाही. आपली कात्री आणली, अंगावर टॉवेल पांघरला आणि ओसरीच्या पायरीवर बसवून केस सारखे करायला घेतले. बाकीच्या मुली परसात लंगडी खेळत होत्या. बराच वेळ नुसता कात्रीचा आवाज.

"आता व्हॅनमधी पुढं बसायला सांगणार न्हाईत मला," प्रगती एकदम म्हणाली.

दबोराचा हात थांबला नाही. "कोण सांगतं?"

"जालूदादा. माझी वेणी लई आवडती म्हणून."

"मग?"

मग ते सगळं हळूहळू बाहेर आलं. शाळेतून येताना जालूदादा तिला पुढच्या सीटवर बसवायचा. कधी कधी बाकीच्यांना फाटकाशी उतरवून 'हिला दुकानातून सामान आणायला नेतो' म्हणायचा आणि व्हॅन कॅनॉलच्या बाजूला घ्यायचा. तिथं तो काय करायचा हे तिनं तिच्या शब्दांत सांगितलं. तिच्याकडं त्या गोष्टींना नावं नव्हती, पण दबोराला समजायला तेवढं पुरेसं होतं. कुणाला सांगितलंस तर ओसरी बंद पडंल, सगळ्या पोरी रस्त्यावर येतील आणि ते तुझ्यामुळं होईल, असं तो म्हणाला होता. म्हणून ती इतके दिवस बोलली नव्हती. वेणीच काढून टाकली तर आपोआप सगळं थांबेल, असा हिशेब तिनं मनाशी केला होता.

जालूदादा म्हणजे जालिंदर, आनंदराव आप्पांचा पुतण्या. भाऊ वारल्यावर आप्पांनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. आधीचा ड्रायव्हर सोडून गेल्यापासून तो आपणहून व्हॅन चालवायचा. येताना कुल्फी आणायचा, नळ दुरुस्त करायचा, ताईबाईच्या आईला दवाखान्यात पोचवायचा. त्याच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस आसपास सापडलं नसतं.

  दबोरानं कात्री खाली ठेवली आणि प्रगतीच्या पुढ्यात येऊन बसली.

"कुणाला सांगू नका ना, मावशी," प्रगती म्हणाली.

आता काहीही करून तिला गप्प करावं, हवं ते वचन द्यावं, असं कुणालाही वाटलं असतं. दबोरानं खोटं वचन दिलं नाही. "सांगावं लागंल, बाळा. पण मी कुणाला सांगणार ते आधी तुला सांगीन. तुझी यात काही चूक न्हाई. तू आज मला सांगितलंस ते फार चांगलं केलंस. आन् ओसरी बंद पडणार न्हाई, ते माझ्याकडं लागलं."

उरलेले केस तिनं नीट कापले, मान पुसली आणि प्रगतीला ताईबाईजवळ स्वयंपाकघरात बसवलं. ताईबाईला एवढंच सांगितलं की पोरीला काही विचारू नको, नजरेआड होऊ देऊ नको. व्हॅनची किल्ली ऑफिसच्या खिळ्याला होती. ती तिनं कमरेला खोचली. मग दार लावून तिनं पहिला फोन चाइल्डलाइनच्या नंबरवर लावला, दुसरा पुण्याला बाल कल्याण समितीच्या बाईंना, तिसरा पोलीस ठाण्यात. वर्दीतली माणसं फाटकाशी नकोत, साध्या कपड्यातली बाई अधिकारी पाठवा, मुलगी ठाण्यात येणार नाही, तुम्हीच इथं या, असं तिनं निक्षून सांगितलं. कायद्यात तसंच आहे हे तिला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं, आणि पलीकडच्या हवालदारालाही ते माहीत होतं. त्यानं वाद घातला नाही. हे फोन झाल्यावरच तिनं आप्पांना कळवलं. आधी आप्पांना सांगितलं असतं तर आपलाच पाय अडखळला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आप्पा अर्ध्या तासात गड्याच्या मोटरसायकलवर मागं बसून आले. टोपी हातात होती.  ऑफिसात येताच ते म्हणाले की पोरगं आपल्या अंगाखांद्यावर वाढलंय, असं काही करणारं नाही, लेकरू काही तरी ऐकून-बघून बोलत असेल. प्रगतीला इथं बोलवा, मी समोर बसवून प्रेमानं विचारतो.

"न्हाई, आप्पा."

"म्हंजी? मी काय तिला खाणार हाय का?"

"तुम्ही प्रेमानंच विचाराल. पण ती एकदा बोलली. तिला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावायचं न्हाई. आता तिचं बोलणं ज्यांचं काम हाय त्यांच्यापुढं होईल, तेबी एकदाच."

ओसरीत आप्पांना आजवर कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांचा चेहरा लाल झाला. पोलिसांना कळवायच्या आधी मला विचारायला पाहिजे होतं, असं ते म्हणाले. त्याला मी व्हॅनवरनं काढतो, गावाला पाठवून देतो, पुन्हा या फाटकात पाय ठेवणार नाही, मग तर झालं? दबोरानं विचारलं, की तो ज्या गावाला जाईल तिथं पोरी नसतील का?  आप्पा खिडकीशी जाऊन उभे राहिले. परसात मुलींची लंगडी अजून रंगात होती.

"दबोराबाई, बोभाटा झाला की सरकार टाळं लावंल," ते पाठमोरेच म्हणाले. "ओसरी बंद पडंल. ह्या सगळ्या पोरी रस्त्यावर येतील. त्याचा तरी विचार करा."

दबोरा खुर्चीवरून उठली. आवाज चढवायची तिला गरज वाटली नाही.

"आप्पा, हेच वाक्य त्यानं त्या पोरीला सांगून गप बसवलं होतं. शब्दाला शब्द."

आनंदराव वळले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, आणि मग समोरच्या बाकावर मटकन बसले.  तिनं माठातलं पाणी आणून दिलं. ते त्यांनी घेतलं नाही. फाटकाबाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला तेव्हा ते उठले आणि मागच्या दारानं पायी निघून गेले. आपली नोकरी आज गेली, असं दबोराला त्या पाठमोऱ्या टोपीकडं बघताना वाटलं. वाटलं तरी तिचं चित्त डगमगलं नाही. जे करायचं होतं ते करून झालं होतं.

आलेल्या पोलीस अधिकारी बाई साध्या पंजाबी ड्रेसमध्ये होत्या. त्यांनी प्रगतीबरोबर आधी चित्रं काढली, मग ती बोलली तसं लिहून घेतलं. दबोरा तिचा हात धरून शेजारी बसली होती. डॉक्टरही बाईच होत्या. त्याच संध्याकाळी जालिंदरला कुरकुंभच्या मित्राकडून पोलिसांनी आणलं.

पुढचे दिवस बरे गेले नाहीत. जालिंदरची आई फाटकापाशी येऊन दबोराला तळतळाट द्यायची. किराणावाला तोंड फिरवायचा. बाहेरून आलेल्या बाईनं आप्पांचं घर बुडवलं, तिचा जात-धर्म वेगळा, तिला आमच्या इभ्रतीचं काय, असंही कुणीकुणी बोललं. घरी आल्यावर पॉल तिच्यापुढं ताट ठेवायचा आणि आज कोण काय म्हणालं ते ऐकून घ्यायचा. एकदा तिनं त्याला विचारलं, लोक तुलाही बोलत असतील ना? तो म्हणाला, शेडमध्ये इंजिनाचा आवाजच एवढा असतो की काही ऐकू येत नाही. ती कितीतरी दिवसांनी हसली.

ओसरीत मात्र तिनं एक दिवसही घडी विस्कटू दिली नाही. मुलींना काय झालंय त्याचा वास लागला होताच. तिनं सगळ्यांना जवळ बसवलं आणि नाव न घेता सांगितलं, की एका मोठ्या माणसानं एका मुलीशी वाईट वर्तन केलं, ती मुलगी बोलली म्हणून तो आता इथं येणार नाही, आणि बोलल्यामुळं कुणाचंही घर जाणार नाही. दोन दिवसांनी वेण्यांच्या वेळी नववीतल्या एंजलनं फणी दबोराच्या हातात दिली आणि तिच्याकडं पाठ करून बसली. तिलाही कॅनॉलचा रस्ता माहीत होता. तिचाही जबाब झाला.

बाल कल्याण समितीची माणसं चौकशीला आली तेव्हा आनंदराव आप्पांनाही बोलावणं गेलं. ते येतील असं कुणाला वाटत नव्हतं. ते आले. थकलेले, दाढी वाढलेली. समितीच्या बाईंनी विचारलं की तुमच्या पुतण्याला मुलींची ने-आण करायचं काम कुणी दिलं, त्याची कुणी चौकशी केली होती का? आप्पा म्हणाले की मीच दिलं, आणि घरचाच म्हणून काहीच विचारलं नाही.  फोन करायची पाळी माझ्यावर आली असती तर मी केला नसता, दबोराबाईंनी केला, तेव्हा ही संस्था कुणाच्या हातात द्यायची ते तुम्ही ठरवा, पण माझ्या घरातल्या कुणाच्या हातात देऊ नका, एवढं ते बोलले.  बाहेर पडताना ते दबोराजवळ आले.

"मला त्या पोरीची माफी मागायची हाय," ते हळूच म्हणाले.

"तिला आत्ता कुणा मोठ्या माणसाचं काही ऐकायची ताकद न्हाई, आप्पा. तिला वाटंल तवा मी तुम्हाला बोलावीन."

आप्पांनी मान हलवली. सुमारे वर्ष गेलं त्याला. बोलावणं आलं तेव्हा प्रगतीनं त्यांच्याकडून माफीबिफी ऐकून घेतली नाही. तिला पेरूच्या झाडावर चढायला शिडी धरणारं माणूस हवं होतं, आणि ते काम आप्पांनी केलं.

ओसरीला टाळं लागलं नाही. समितीनं कारभार नव्या मंडळाकडं दिला आणि दबोराला तिथंच ठेवलं. कोर्टात प्रगतीला जालिंदरचं तोंड बघावं लागलं नाही. मधे पडदा होता आणि तिच्या हातात दबोराच्या पदराचं टोक. एंजलनं तर पडद्याआडून इतक्या ठणठणीत आवाजात सांगितलं की लिहून घेणाऱ्याला एकदाही 'पुन्हा सांगा' म्हणावं लागलं नाही. जालिंदरला शिक्षा लागली. निकालाच्या दिवशी दबोरानं पेढे वाटले नाहीत. मुलींना घेऊन ती भीमेच्या पुलाखाली गेली, सगळ्यांनी वाळूत भेळ खाल्ली आणि प्रगतीनं सगळ्यांची शर्यत लावली.

आता ओसरीत बऱ्याच गोष्टी बदलल्यात. ऑफिसच्या दाराला काच बसली. पाहुणा कितीही मोठा असो, वाढदिवसाचा केक घेऊन आलेला असो, मुलींना भेटायचं ते ओसरीवर, सगळ्यांच्या देखत. व्हॅनमध्ये मुलींबरोबर एक बाई बसते. केंदूरची माया या कामाला ठेवलीय. पुढच्या सीटवर आता दप्तरं ठेवतात. दर पंधरवड्याला पुण्याहून समुपदेशक बाई येतात, आणि मुली त्यांना दबोराबद्दलही तक्रारी सांगतात. मावशी भाजीत तिखट कमी घालायला लावतात, ही त्यातली मुख्य. दबोरा म्हणते, माझ्याबद्दल तक्रार करायला ज्या भीत नाहीत, त्या दुसऱ्या कुणाला भिणार नाहीत.

शिरूर, दौंडकडच्या इतर वसतिगृहांतून आता तिला बोलावतात. ती एसटीनं जाते, फळ्यावर फारसं काही लिहीत नाही, आणि प्रगतीचं नाव तर कधीच घेत नाही. लोक विचारतात की वाईट माणूस ओळखायचा कसा? ती सांगते की तो ओळखू येत नाही. मी कुल्फी आणणाऱ्या माणसाला ओळखलं नव्हतं. म्हणून माणूस ओळखण्याच्या भरवशावर राहू नका, लेकरू एकट्या माणसाच्या हाती पडणार नाही अशी व्यवस्था करा.

जूनमध्ये नवीन ड्रायव्हर आला. महेंद्र त्याचं नाव, कासुर्डीचा, शाळेच्या बसवर काम केलेला. पोलीस पडताळणी झाली, पहिल्या दिवशी तो स्वच्छ शर्ट घालून हजर झाला. मायाला व्हॅनमध्ये चढताना पाहून त्याचं तोंड उतरलं. तो ऑफिसात आला आणि म्हणाला, मलाही दोन मुली आहेत, मॅडम. एवढी वर्षं एक तक्रार नाही. माझ्यावर इश्वास न्हाई का तुमचा?

दबोरानं त्याला बसायला सांगितलं.

"तुमच्यावर इश्वास हाय, म्हणून तर कामाला घेतलं," ती म्हणाली. "तुमच्या मुली शाळेच्या बसनं जातात ना?"

"व्हय."

"त्या बसमधी पोरींबरोबर बाई असावी, असं वाटतं का न्हाई तुम्हाला?"

 ते बरोबर हाय, असं म्हणून महेंद्र उठला. बाहेर मुली दारात ढकलाढकली करत होत्या, कुणाचा तरी डबा राहिला होता, तो आणायला ताईबाई धावत गेली. मायानं सगळ्या चढल्याची खात्री केली आणि दार ओढून घेतलं. महेंद्रनं आरशातून मागं बघत विचारलं, "ताई, निघू का?" आणि मायानं हो म्हटल्यावरच त्यानं गाडी सुरू केली.